पुराचे आकडे द्यायचे की नाही, हे चीनमध्ये नेमकं कोण ठरवतं? संशोधनासाठी मदत हवी आहे

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय आंतरराष्ट्रीय संबंध. लघुप्रबंधासाठी मी 'चीनचं राजकारण आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य' असा विषय लिहून दिला होता. मार्गदर्शक मॅडमनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "हा विषय नाही, हे अख्खं कपाट आहे. यातला एक खण उघड." मी जो खण उघडला तो ब्रह्मपुत्रेच्या पाण्याच्या आकड्यांचा.

हाच का, ते सांगते. आम्ही सांगलीचे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्या तळमजल्यात पाणी होतं आणि वडील जिन्याच्या भिंतीवर दर दोन तासांनी कोळशाने खूण करत होते. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 च्या घरात. त्या दिवसांत गल्लीत प्रत्येकाच्या तोंडी एकच होतं: कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती सोडलं? वरच्या धरणाचा आकडा वेळेवर कळणं म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. एकाच देशातल्या दोन राज्यांत ही तगमग, तर तिबेटातून येणाऱ्या नदीचं काय, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

आतापर्यंत जमवलेलं थोडक्यात देते. चूक असेल तर दुरुस्त करा.

ब्रह्मपुत्रेच्या आकड्यांसाठी दोन्ही देशांच्या जलसंपदा मंत्रालयांत पहिला सामंजस्य करार 2002 मध्ये झाला. नुगेशा, यांगछुन आणि नुशिया या तीन केंद्रांवरची पाणीपातळी, विसर्ग आणि पाऊस पावसाळ्यात रोज दोनदा कळवायचा, असं ठरलं. वेळ बीजिंगची, सकाळी 8 आणि रात्री 8. म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच आणि संध्याकाळचे साडेपाच. यासाठी भारत पैसेही मोजत आला आहे. करार 2008, 2013 आणि 2018 मध्ये पुढे वाढला. सतलजचा वेगळा करार 2005 चा.

मग 2017 चा पावसाळा. जूनमध्ये डोकलामला भारत-चीन सैन्यांचा पेच सुरू झाला आणि त्या वर्षी आकडे आलेच नाहीत. चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं की केंद्रांच्या दुरुस्तीचं आणि नूतनीकरणाचं काम चालू आहे. बांगलादेशला मात्र आकडे मिळत असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. एप्रिल 2018 मध्ये वुहानला मोदी-शी भेट झाली, मेमध्ये आकडे पुन्हा सुरू झाले आणि जूनमध्ये छिंगदाओला नव्या करारावर सह्या झाल्या. तो जून 2023 मध्ये संपला. सतलजचा तर 2020 मध्येच संपला होता.

माझं गाडं इथेच अडलं आहे. आकडे थांबवण्याचा निर्णय कुठल्या टेबलावर होतो? जलसंपदा मंत्रालय, परराष्ट्र मंत्रालय, पक्ष, सैन्य, की तिबेटचं प्रादेशिक प्रशासन? बहुतेक इंग्रजी लेखांत "बीजिंगने ठरवलं" एवढंच असतं. आपल्याकडचं लिखाण एक तर "चीन पाण्याचं हत्यार करणार" या टोकाला, नाही तर "काळजीचं कारण नाही" या टोकाला. मला चिनी भाषा येत नाही. भाषा न येता हे प्रामाणिकपणे करता येईल का? आणि सुरुवात कुठून करू?

पाटीपेन्सिल

आधी घरचे कागद वाचा. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर करार आणि संयुक्त निवेदनं आहेत. लोकसभा-राज्यसभेत या विषयावर वर्षानुवर्षं प्रश्न विचारले गेलेत, त्यांची लेखी उत्तरं चाळा. उत्तराची शब्दयोजना कोणत्या वर्षी बदलली तेवढं जरी टिपलंत तरी एक प्रकरण उभं राहील.

प्रत्यक्ष आकड्यांच्या मागे मात्र लागू नका. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांची जलमापनाची माहिती आपलंच सरकार गोपनीय मानतं. माहिती अधिकारात अर्ज कराल तर कलम 8 पुढे करून नकार येण्याचीच शक्यता जास्त. प्रबंधाची मुदत त्यात घालवू नका.

पूर्वेकडून

मी सहा वर्षं तैपेईत आहे, चिनी कागदपत्रं वाचणं हे रोजचं काम. तुमचा प्रश्न चांगला आहे, पण तो जसा विचारलाय तसा त्याचं उत्तर मिळणार नाही. पक्षाच्या वरच्या बैठकांची इतिवृत्तं कुणालाच मिळत नाहीत. तेव्हा "कोणी ठरवलं" याऐवजी "कोण बोललं, कधी, आणि कोण गप्प राहिलं" असं विचारा. ते उघड कागदांवरून तपासता येतं.

2017 चंच घ्या. करार जलसंपदा मंत्रालयाचा, पण खुलासा दिला परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्याने. 2018 मध्ये सह्या झाल्या त्या थेट दोन सर्वोच्च नेत्यांच्या भेटीच्या वेळी. ऑगस्ट 2025 मध्ये वांग यी दिल्लीला आले ते सीमाप्रश्नावरच्या चर्चेसाठी, आणि आणीबाणीच्या वेळी मानवतावादी भूमिकेतून नदीची माहिती देण्याची तयारी त्या भेटीत दाखवली गेली. ते परराष्ट्रमंत्री आहेत आणि पक्षाच्या केंद्रीय परराष्ट्र व्यवहार आयोगाच्या कार्यालयाचे प्रमुखही. हा आयोग 2018 मध्ये जुन्या 'नेतृत्व गटा'ला बढती देऊन केला. म्हणजे नळ जलखात्याच्या हातात दिसतो, पण त्याची चर्चा सीमेच्या टेबलावर होते. हा माझा अंदाज आहे, तुम्ही तपासा.

आणि एक, चीनला एकसंध दगड समजू नका. लिबरथल आणि ओक्सनबर्ग या अमेरिकी अभ्यासकांनी 1980 च्या दशकात तिथल्या ऊर्जा क्षेत्राचा अभ्यास करून दाखवलं होतं की खाती, प्रांत आणि सरकारी कंपन्या यांची आपसात सतत ओढाताण चालते. शी यांच्या काळात वरची पकड घट्ट झाली, तरी धरण बांधणारी कंपनी, जलखातं आणि परराष्ट्र खातं यांचे हितसंबंध आजही एक नाहीत.

भाषेचं म्हणाल तर पूर्ण चिनी यायची गरज नाही, पण दहा-बारा शब्द चिनी लिपीत ओळखता आले पाहिजेत. 'श्वेइवन' म्हणजे जलमापन, 'श्युन्छी' म्हणजे पूरकाळ, शिवाय तिन्ही केंद्रांची नावं. तेवढ्यावर मंत्रालयाच्या निवेदनांत शोध घेता येतो. यंत्राच्या भाषांतरावर विसंबून अवतरण मात्र देऊ नका. अधिकृत इंग्रजी मजकूर आणि मूळ चिनी मजकूर यांत कधीकधी एखादं वाक्यच गायब असतं, आणि नेमकं तेच तुमच्या कामाचं असतं.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. एकट्या ब्रह्मपुत्रेवरून निष्कर्ष काढू नका, शेजारी मेकाँग ठेवा, तीही चीनमधूनच खाली आग्नेय आशियात जाणारी नदी. चीनच्या त्याच जलसंपदा मंत्रालयाने त्याच 2002 मध्ये खालच्या देशांच्या मेकाँग नदी आयोगाशीही पूरकाळाचे आकडे देण्याचा करार केला. चीन त्या आयोगाचा सभासद नाही. तरी 2020 मध्ये तो करार बारमाही झाला, आणि आपला 2023 मध्ये संपला. तिथेही सगळं गोड नाही. जानेवारी 2021 मध्ये मेकाँगवरच्या चिनी चिंगहोंग धरणाखाली पाणी आधी घटलं आणि कळवणं नंतर आलं. पण तिथे आयोग स्वतःची मोजमापं लोकांसमोर ठेवतो, म्हणून ते ताबडतोब उघड झालं.

कृष्णाकाठ

मेकाँगचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. खूप आभार. पण मग शंका अशी की मेकाँगवर चीनने हात सैल का सोडला? 2016 पासून लानत्सांग-मेकाँग सहकार्य (लानत्सांग हे मेकाँगचंच चिनी नाव) हे व्यासपीठ चीननेच पुढाकार घेऊन उभं केलंय, सहाही देश त्यात आहेत. स्वतःच्या व्यासपीठाची पत राखायची म्हणून? भारताबरोबर तसं काही पणाला लागलेलं नाही म्हणून?

पूर्वेकडून

असू शकतं. सीमावाद नाही, हेही एक कारण. दोन्ही वेगळी करून दाखवणं हाच तुमचा प्रबंध.

निवृत्त_जलमापक

ताई, मी ईशान्येत नोकरी केलेला माणूस. राजकारणातलं मला फार कळत नाही, पण नकाशा उघडून बसा एवढं सांगतो.

तुमची तिन्ही केंद्रं नदीच्या मोठ्या वळणाच्या वर आहेत. शेवटचं नुशिया. त्याच्या पुढे नदी नामचा बरवा या डोंगराला वळसा घालते, खोल दरीत उतरते आणि पावसाच्या पट्ट्यात शिरते. अरुणाचलात पासीघाटला येणारं बरंचसं पाणी नुशियाच्या खालचं असतं. एप्रिल 2000 मध्ये यिगोंग नदीवर दरड कोसळून बांध तयार झाला, तो जूनमध्ये फुटला आणि अरुणाचलात हाहाकार झाला. ती यिगोंग पारलुंगला मिळते आणि पारलुंग त्या वळणापाशी मुख्य नदीला. म्हणजे नुशियाच्या खाली. पुन्हा तसंच घडलं तर तिन्ही केंद्रांचे आकडे रोज वेळेवर आले तरी त्यांत तो पूर दिसणार नाही.

आता जुलै 2025 मध्ये पंतप्रधान ली छियांग यांच्या हस्ते ज्या मोठ्या जलविद्युत प्रकल्पाचं काम सुरू झालं, पाच वीजकेंद्रांचा आणि 1.2 ट्रिलियन युआनचा, तोही याच वळणावरचा. तेव्हा जुना करार जसाच्या तसा परत मिळाला तरी पुरणार नाही. 2002 ला केंद्रं निवडली तेव्हा तिथे हा प्रकल्प नव्हता.

रोजचे आकडे वेगळे आणि संकटातला निरोप वेगळा. सतलजचा करारसुद्धा पारेछूच्या तलावानंतरच झाला, 2004 मध्ये तिबेटात त्या नदीवर दरडीने पाणी अडलं होतं. संकट आलं की कागद हलतो.

आणि आपल्याकडेही बघा. सिंधू करार स्थगित ठेवल्यावर ऑगस्ट 2025 मध्ये आपण पाकिस्तानला जम्मूतल्या तावी नदीच्या पुराचा इशारा दिला, तो मानवतेच्या भूमिकेतूनच, उच्चायुक्तालयामार्फत. वरचा देश असलो की आपलीही भाषा तशीच होते. हे लिहायला कचरू नका.

कृष्णाकाठ

काका, तुमचा प्रतिसाद वाचून नकाशाची प्रिंट काढली आणि तिन्ही केंद्रांवर लाल टिंबं केली. खरंच, सगळी वळणाच्या डाव्या हाताला आहेत. यिगोंग आणि नवा प्रकल्प दोन्ही टिंबांच्या पुढे. इतके महिने मी करारांच्या तारखा जुळवत बसले होते, केंद्रं कुठे आहेत हे एकदाही पाहिलं नव्हतं.

मॅडमना आज नवा आराखडा दाखवला. दोन नद्या, एकच मंत्रालय, 2002 पासून पुढे. 'सहकार्य' हा एकच शब्द न वापरता रोजचे आकडे आणि संकटातला निरोप अशी फोड करायची, आणि प्रत्येक टप्प्यावर चीनकडून कोण बोललं ते नोंदवायचं. मॅडमनी "आता लिही" म्हटलंय. तावीचं उदाहरणही घेणार आहे.

पूर्वेकडून, 2017 च्या चिनी खुलाशाचा मूळ मजकूर आणि इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून तपासून द्याल का? दीड पानच आहे. व्यनि केला आहे.

पूर्वेकडून

मिळाला. रविवारी सकाळी बघतो. पहिलाच परिच्छेद वाचला. 'दुरुस्ती'साठी मूळ मजकुरात कोणता शब्द आहे ते आधी नीट बघायला हवं, पावसाने मोडलं म्हणून दुरुस्ती की ठरवून केलेलं नूतनीकरण, यात तुमच्यासाठी फरक आहे.