उत्तर: गणपतीची शिल्लक कुणाला?

मंडळी,
आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर ठाण्यात आहे, मेल रोज वाचतोय. आपल्या परदेशातल्या मंडळाची गणपतीतली शिल्लक कुणाला द्यायची या चर्चेत 'युनिसेफला दिलेले पैसे ऑफिसांतच जिरतात' असं कुणीतरी ठोकून दिलंय, म्हणून हा खटाटोप.

रविवारी सोसायटीच्या गेटपाशी पोलिओ बूथ होता. आशाताईंनी लसीची बाटली फिरवून लेबलावरचं गोल दाखवलं. आतला चौकोन फिका आहे तोवर लस चांगली. उष्णतेनं काळवंडून गोलाइतका गडद झाला की बाटली बाद. भाच्याला दोन थेंब, मग डाव्या करंगळीवर शाई. ज्यांची मुलं राहिली त्यांच्या दारी नंतर माणसं जातात, दारावर खडूनं खूण करतात. (आमच्या सेक्रेटरींना नव्या रंगावर खडू चालत नाही. ते वेगळंच रामायण.)

ही माणसं आपल्या सरकारची. पण 1988 साली डब्ल्यूएचओ, युनिसेफ, रोटरी आणि अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी पोलिओ संपवायला एकत्र आले, तेव्हा जगात वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मुलं पोलिओनं लुळी पडत. नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला, हावड्याचा. अचानक हातपाय लुळे पडलेल्या प्रत्येक मुलाची शौचाची तपासणी होते, मुंबईचं सांडपाणीसुद्धा तपासतात. असल्या कामाचा फोटो निघत नाही, म्हणून पैसे जिरले असं वाटतं.
– सध्या ठाणेकर

---

अरे, पटलं. पण आपली चिमूटभर रक्कम तिथे कुठे दिसणार? मी शहापूरच्या पाड्यावरची शाळा सुचवली होती. तिथल्या भातसा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात पाड्यावरच्या बायका टँकरची वाट बघतात. शाळेत एक हातपंप आहे तेवढाच.
– खजिनदार काकू

---

काकू, तो हातपंप 'इंडिया मार्क 2' असणार. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या पंपावरून तो बेतला, युनिसेफच्याच मदतीनं! म्हणजे आपण दोघं एकाच पंपावरून भांडतोय.

शाळेला माझी हरकत नाही. फक्त परदेशी मंडळाचे पैसे घ्यायला एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते, झेडपीची शाळा ती कुठून आणणार? नोंदणी असलेली एखादी स्थानिक संस्था बघा. शनिवारी मी शहापूरला जाऊन येतो. पंप चालू आहे की नुसता उभा आहे, ते हापसूनच सांगतो.
– ठाणेकर