फॉर्म भरण्याआधी मेडिकल कॉलेज पाहून आलात का? अनुभव सांगा

लेकीचा नीटचा निकाल लागलाय. मार्क असे अधांतरी की सरकारी लागेलही, नाहीही. आता पसंतीक्रम भरायचाय. ती म्हणते, "आई, चार-पाच कॉलेजं बघून येऊ." तिच्या बाबांचं एकच, "लागेल तिथे जायचं. बघायचंय काय, स्थळ आहे का?" सरकारीतल्या 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या, त्या गुणवत्ता यादीवरच ठरणार, कबूल. पण साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप काढायचीय तिथे. कोण जाऊन आलं? काय पाहिलंत?

इंटर्न, खाजगी कॉलेज
जा, आणि मामाला घेऊन जा. माझा मामा जिल्हा रुग्णालयात फार्मासिस्ट होता. एका कॉलेजात आम्हाला एसी लेक्चर हॉल, ऑडिटोरियम, जिम असं सगळं फिरवलं. मी खूश. मामा म्हणाला, "पोरी, दवाखाना कुठाय?" सकाळचे साडेदहा, ऐन ओपीडीची वेळ. केसपेपरच्या खिडकीपाशी तीन माणसं. वर मेडिसिनच्या वॉर्डात चादरींच्या घड्यांच्या रेघाही मोडल्या नव्हत्या. मामा वाकून खाटांखाली बघायला लागला. मला कळेना काय हरवलंय. बाहेर आल्यावर म्हणाला, "एकाही खाटेखाली चपला नव्हत्या. डब्याची पिशवी नाही, जिन्यात नातेवाईक नाही. तू शिकणार कुणावर?" ते कॉलेज यादीत पार खाली गेलं. जिथे लागले तिथे पहिल्याच महिन्यात बघते तर व्हरांड्यातसुद्धा गाद्या. हाल होतात, पण हात चालतो.

एक बाबा, नाशिक
आमचा अनुभव उलटा. हौसेने लेकीला परळला केईएम दाखवून आणलं. 1926 सालचं कॉलेज, ती दगडी इमारत, गळ्यात स्टेथो अडकवून धावणारी पोरं. कार्टी प्रेमातच पडली. लागलं मराठवाड्यात. दोन महिने घरात सुतक. मार्कांच्या आवाक्यातलीच दाखवा.

अंबाजोगाईवाली
मी काहीही न बघता गेले. नकाशावर गाव शोधावं लागलं होतं. रात्री एसटीतून ट्रंक उतरवताना आई रडली. आज सांगते, प्रसूतीच्या टेबलाशी माझ्याइतकं उभं राहायला माझ्या मुंबईच्या मैत्रिणींना मिळालं नाही. बघायला गेले असते तर नक्की नाही म्हटलं असतं!

तिसऱ्या वर्षाचा
कॉलेजवाल्यांना काही विचारूच नका, ते चहा-बिस्किटं देतात. गेटबाहेरच्या टपरीवर सेकंड इयरची पोरं गाठा. होस्टेलला पाणी किती वाजता जातं, डिसेक्शनला एका बॉडीभोवती किती जण, मेसची सक्ती आहे का. इंटर्न भेटला तर दोनच प्रश्न: स्टायपेंड खात्यात येतो का, आणि आल्यावर परत मागतात का? माझ्या मित्राच्या कॉलेजात दुसऱ्याचं उत्तर 'हो' निघालं. माहितीपत्रकात हे छापत नाहीत. आणि कॉलेज सांगेल ती फी, खाजगी कॉलेजांची फी ठरवणाऱ्या शुल्क नियामक प्राधिकरणाच्या आकड्याशी ताडून बघा. 'इतर खर्च' या ओळीवर बोट ठेवून विचारा.

एक आई, विदर्भ
2024 मध्ये राज्यात दहा नवीन सरकारी कॉलेजं सुरू झाली, त्यातलं एखादं भरणार असाल तर मात्र जाच. कुठे वर्ग एकीकडे, होस्टेल भलतीकडे असं असू शकतं. आम्ही होस्टेल ते कॉलेज चालून पाहिलं, घड्याळ लावून. पंचवीस मिनिटं. वाटेत शेवटच्या टप्प्यात दिवा नाही. तरी भरलंच, पण लेकीला आधी सायकल घेऊन दिली.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. ह्यांना मामांच्या चपलांचा किस्सा वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. मघाशी मात्र विचारत होते, सोमवारी सकाळची गाडी किती वाजता आहे.