मदत हवी आहे: जीएनएम नर्सला जर्मनीत मान्यता, तासांचा दाखला आणि एजंटची साडेतीन लाखांची मागणी

मांडवीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. तिने २०१८ साली गोव्यातून जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, परिचारिकेची पदविका) पूर्ण केलं. गोवा नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे. मडगावच्या एका खासगी इस्पितळात आयसीयूत पाच वर्षांचा अनुभव आहे. जर्मन भाषेच्या बी१ पातळीचे चारही मोड्यूल पास आहेत, पुढच्या बी२ पातळीचा अभ्यास चालू आहे.

एका एजंटने साडेतीन लाख रुपये आणि मूळ प्रमाणपत्रं जमा करायला सांगितली आहेत. मला एवढंच विचारायचं आहे:

जीएनएमवर जर्मनीत पूर्ण परिचारिकेची मान्यता मिळते का, की बीएस्सीच लागते? मार्कशीटवर फक्त गुण आहेत, तास नाहीत, ते चालेल का? एजंटची मागणी योग्य आहे का? आणि आमच्या वडिलांचा जन्म १९६१ च्या आधीचा, म्हणजे पोर्तुगीज पासपोर्टचा मार्ग मोकळा आहे. तो काढला तर मान्यतेची कटकट सुटते का?

वॉर्ड नंबर पाच

जीएनएम चालतं. तिकडे पदवी की पदविका हे बघत नाहीत, प्रशिक्षणात काय आणि किती शिकवलं ते बघतात. त्यांचं स्वतःचं परिचारिका प्रशिक्षण तीन वर्षांचं असतं: २१०० तास वर्गातले आणि २५०० तास प्रत्यक्ष कामाचे, एकूण ४६००. तुमच्या बहिणीचे तास याच्याशी ताडून पाहतात. म्हणून नुसत्या गुणांच्या मार्कशीटवर अर्ज केला तर तो अडकणार हे नक्की.

अर्ज जर्मनीच्या केंद्र सरकारकडे जात नाही. जिथे नोकरी करायची त्या राज्याच्या कार्यालयाकडे जातो, आणि प्रत्येक राज्याची कागदांची यादी थोडी वेगळी असते. म्हणून राज्य ठरल्याशिवाय भाषांतरावर पैसा घालू नका. भारतात बसून अर्ज करणाऱ्यांसाठी बॉनमध्ये त्सेंट्राले सर्विसश्टेले बेरुफ्सआनेर्केनुंग नावाचं सरकारी सल्ला केंद्र आहे. कुठलं कार्यालय, कोणते कागद, हे ते फुकट सांगतात. एजंट ज्याचे पैसे मागतो त्यातलं निम्मं काम इथेच होतं.

भाषांतर जर्मनीतल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या, स्कॅन पाठवून होतं. इकडच्या नोटरीचा शिक्का मारलेलं भाषांतर बरेचदा परत येतं आणि तोच खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. अपॉस्टिलचंही (कागद खरा असल्याचा परदेशासाठीचा सरकारी शिक्का) तसंच: त्या राज्याच्या यादीत असेल तरच करा.

आल्त पोर्वरी

पासपोर्टबद्दल. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं, हे आधी घरात सगळ्यांनी नीट समजून घ्या. त्या पासपोर्टवर जर्मनीत व्हिसा आणि कामाचा परवाना लागत नाही. एवढाच फायदा. शिक्षण मात्र भारतातलंच राहतं. युरोपीय संघातली आपोआप मान्यता ही संघात घेतलेल्या प्रशिक्षणाला आहे, पासपोर्टला नाही. त्यामुळे तासांची छाननी, बी२, पुढची परीक्षा, सगळं तसंच करावं लागेल. अपवाद एक: संघातल्या एका देशाने मान्यता दिली आणि तिथे ३ वर्षं परिचारिका म्हणून काम केलं, तर दुसऱ्या देशात ते शिक्षण संघातल्यासारखं धरतात.

आणि इंग्लंडसाठी पोर्तुगीज पासपोर्ट काढणारे अजून भेटतात, म्हणून लिहून ठेवतो. ३१ डिसेंबर २०२० ला तो मोकळा प्रवेश संपला. आता तिथे कामासाठी पोर्तुगीज नागरिकालाही व्हिसा लागतो.

परिचारिका कट्टा

मांडवीकाठ, साडेतीन लाख देऊ नका. मूळ प्रमाणपत्रं तर एका दिवसासाठीसुद्धा देऊ नका. मान्यतेच्या अर्जाला प्रमाणित प्रती लागतात. मूळ कागद फक्त जिथे तुम्ही स्वतः समोर उभ्या आहात तिथे दाखवायचे. गोवा जर्मनीच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतो.

भारतातल्या नोंदणीकृत भरती एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४००. एजंट नोंदणीकृत आहे का ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर परवाना क्रमांक घालून दोन मिनिटांत कळतं. क्रमांक विचारल्यावर जो विषय बदलतो त्याच्याकडे परत जाऊ नका. 'आम्ही भरती नाही, फक्त सल्ला देतो' म्हणून ही मर्यादा टाळायचा प्रकारही चालतो. तेव्हा पावतीवर पैसे नेमके कशाचे ते लिहून मागा.

जर्मनीच्या बाजूला 'फेअर आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड' हे सरकारी दर्जाचिन्ह आहे. ते असलेली संस्था परिचारिकेकडून भरतीचे पैसे घेत नाही, खर्च मालकाचा. तुमच्या ताईला, म्हणजे बहिणीला, आयसीयूचा अनुभव आणि बी१ दोन्ही आहे. तिने पैसे भरून नोकरी मिळवायची काहीच गरज नाही.

करारात दोन गोष्टी वाचा. मान्यतेआधी ती साहाय्यक म्हणून काम करणार, मग तेव्हाचा आणि मान्यतेनंतरचा पगार वेगवेगळा लिहिलाय का? वृद्धसेवा संस्थांत १ जुलै २०२५ पासून किमान ताशी वेतन साहाय्यकाला १६.१० युरो आणि पूर्ण परिचारिकेला २०.५० युरो आहे, त्यावरून अंदाज येईल. दुसरं, मधेच नोकरी सोडली तर मालकाने केलेल्या खर्चापैकी किती परत करायचे? ती रक्कम महिन्यागणिक कमी होत जायला हवी. दोन वर्षांनंतरही पूर्ण रक्कम मागणाऱ्या करारावर सही नको.

मांडवीकाठ

सगळ्यांचे आभार. कॉलेजने तासांसाठी एक पत्र दिलं आहे: 'सदर विद्यार्थिनीने इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या अभ्यासक्रमाप्रमाणे तीन वर्षांचा कोर्स पूर्ण केला आहे.' एवढंच. हे पुरेल?

वॉर्ड नंबर पाच

नाही पुरणार. हे पत्र खरं आहे, पण तपासणाऱ्याला त्यातून एकही आकडा मिळत नाही. त्याला तक्ता लागतो. कॉलेजच्या लेटरहेडवर, वर्षवार, चार रकाने: विषय, वर्गातले तास, प्रात्यक्षिकाचे तास, आणि प्रात्यक्षिक कुठल्या विभागात झालं. मेडिसिन, सर्जरी, बालरोग, प्रसूती, मानसोपचार, सामुदायिक आरोग्य प्रत्येकाची ओळ वेगळी. खाली एकूण बेरीज, प्राचार्यांची सही, गोल शिक्का, तारीख.

आता बहुतेक जण चुकतात ती जागा. वृद्धांची सेवा आणि घरी जाऊन द्यायची सेवा हे जर्मन प्रशिक्षणातले मोठे भाग आहेत. आपल्याकडे ते मेडिसिन आणि कम्युनिटीच्या तासांत मिसळलेले असतात. कॉलेजने 'मेडिकल-सर्जिकल' अशी एकच ओळ लिहिली की जेरियाट्रिक्सचे, म्हणजे वृद्धसेवेचे, तास शून्य धरले जातात आणि उणिवांच्या यादीत तेच पहिलं येतं. झालेले तास वेगळे काढून लिहायला सांगा. झाले नसतील तर लिहू नये, हेही तितकंच.

अनुभवाचा दाखलाही असाच. 'स्टाफ नर्स म्हणून काम केले, वर्तणूक चांगली' याचा उपयोग नाही. विभाग, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याचे तास, आणि कामं: व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, सक्शन, ड्रेसिंग, पाठीचे व्रण टाळण्यासाठी कूस बदलणं, औषधं. कायद्याने अनुभव उणिवा भरून काढण्यासाठी धरावाच लागतो, पण कागदावर असेल तरच.

कागद पूर्ण पोचल्यावर निकाल येतो तो बहुधा डेफिझिट बेशाइड, म्हणजे उणिवांचं पत्र. तो नकार नाही. त्याच्यावरच पुढे व्हिसा होतो.

रात्रपाळी

त्या पत्रानंतर दोन वाटा: केंटनिसप्रूफुंग म्हणजे परीक्षा, किंवा आनपासुंग्सलेरगांग म्हणजे पूरक प्रशिक्षण. प्रशिक्षणाच्या शेवटी फक्त संभाषण असतं, पण त्याची लांबी उणिवांवर ठरते. परीक्षा तोंडी आणि प्रत्यक्ष अशी दोन भागांत, नापास झालेला भाग एकदाच परत देता येतो. २०२४ पासून कागदांची सविस्तर तुलना सोडून थेट यातली एक वाट निवडायचीही सोय आहे. कॉलेज तासांचा तक्ता द्यायला तयारच नसेल तर ती वापरा. तक्ता मिळत असेल तर आधी तुलना करून घ्या, उणिवा कमी निघू शकतात.

आयसीयूच्या मुली प्रत्यक्ष परीक्षेत यंत्रांवर अडत नाहीत. अडतात त्या अंघोळीवर. आपल्याकडे रुग्णाला पुसणं, भरवणं हे बरंचसं नातेवाईक किंवा आया करतात. तिथे ते परिचारिकेचं मुख्य काम, आणि परीक्षक तेच बघतो. दारावर टकटक, स्वतःची ओळख, काय करणार ते सांगून संमती. खिडकी बंद, खोली ऊब धरलेली. जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा, बाकी अंग झाकलेलं. आधी चेहरा, मग हात, छाती, पाय. गुप्तांगाआधी पाणी आणि कापड बदलायचं, हातमोजे घालायचे, पुढून मागे पुसायचं. टॉवेल रुग्णाच्या हातात देऊन 'चेहरा तुम्ही पुसता का?' विचारायचं. जे तो स्वतः करू शकतो ते आपण भरभर उरकलं तर गुण जातात. हातावर जंतुनाशक पूर्ण ३० सेकंद.

उलट, सलाइन लावणं, शिरेतून इंजेक्शन देणं हे आपल्या हाताला सवयीचं असतं. तिथे ते डॉक्टरने सोपवल्याशिवाय करायचं नाही. सवयीने हात पुढे गेला तर ती मोठी चूक धरतात.

बी२ इथेच करून जा. अंतिम परवान्याला बी२ पातळी लागतेच, आणि पूर्ण पाळी करून रात्री अभ्यास होत नाही. ग्योएट इन्स्टिट्यूटची परीक्षा पुणे आणि मुंबईला होते. बी२ चेही चार मोड्यूल सुटे देता येतात, प्रत्येकात १०० पैकी ६०.

परिचारिका कट्टा

जाता जाता: कोणी 'तोपर्यंत केअरर (वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणारी सेविका) म्हणून इंग्लंडला पाठवतो' म्हणत असेल तर थांबवा. परदेशातून नव्या केअर वर्करची भरती तिथे २२ जुलै २०२५ पासून बंद आहे. नर्स म्हणून जायची वाट आहे, पण ती तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या सीबीटी (संगणकावरची) आणि ऑस्की (प्रात्यक्षिक) परीक्षांमधून.

आल्त पोर्वरी

एक राहिलं, गोव्यात हमखास नडणारं. जन्मदाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं, शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी वळणाचं, आणि लग्न झालं असेल तर पासपोर्टवर तिसरंच. जर्मन कारकुनासाठी ही तीन माणसं. जीएनएमचं प्रमाणपत्र, कौन्सिलची नोंदणी आणि पासपोर्ट आज रात्री शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक लग्नामुळे असेल तर निबंधकांकडचा विवाह नोंदणीचा दाखला भाषांतरासह जोडा. स्पेलिंगचा असेल तर प्रतिज्ञापत्राआधी कौन्सिलकडून नोंद दुरुस्त होते का ते विचारा, आणि तासांचा तक्ता त्यानंतरच छापून घ्या. नाहीतर चुकीच्या नावाचा तक्ता हातात येईल.