मदत हवी आहे: लूपवर (चौकटीला तार गुंडाळून केलेल्या अँटेनावर) जवळचं स्टेशन दिवसा बुडतं, रात्री पुन्हा वर येतं, असं का होतं?

नमस्कार मंडळी,

मीडियम वेव्हवर रात्री लांबची स्टेशनं पकडायचा नाद लागून मला आता अडीच वर्षं होतील. इथे बरेच जुनेजाणते डीएक्सर (लांबची स्टेशनं पकडणारे) आहेत म्हणून सविस्तर लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

१४०० किलोहर्ट्झच्या जरा वर एक स्टेशन आहे, माझ्यापासून साधारण १०० किलोमीटर उत्तरेला. दिवसा ते एकटंच असतं, स्वच्छ लागतं. पण रात्री त्याच फ्रिक्वेन्सीवर त्याच्या खाली दुसरं कुणीतरी आहे हे नक्की. आतापर्यंत तीनदा ऐकलंय. तास पूर्ण व्हायच्या आधी तंतुवाद्याची एक छोटी धून, मग वेळेचे पिप्, मग एका पुरुषाचा आवाज, आणि तेवढ्यात जवळचं स्टेशन पुन्हा वर चढतं की सगळं गेलं. ती धून माझ्या डोक्यात इतकी बसलीय की भांडी घासतानासुद्धा गुणगुणते, आणि ती कुठून येते तेच माहीत नाही.

एकदा मध्यरात्रीनंतर जवळच्या स्टेशनचा कॅरियरच (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) सात-आठ मिनिटं गेला होता. तेवढ्यात मी लूप भराभर फिरवून बघितला तर खालचं स्टेशन लूपची कड पूर्व-पश्चिम असताना सगळ्यात जोरात होतं. आता लूप दोन्ही बाजूंना सारखाच ऐकतो त्यामुळे ते पूर्वेला की पश्चिमेला हे कळायला मार्ग नाही. पण एक बरं झालं, नकोसं स्टेशन उत्तरेला आणि हवंसं त्याच्याशी काटकोनात. म्हणजे याहून सोपी केस नसावी, असं मला वाटलं होतं.

लूप घरीच केलाय. ६० सेंटिमीटरची चौकोनी लाकडी फ्रेम, त्यावर इनॅमल वायरचे १२ वेढे, वेढ्यांमध्ये थोडं थोडं अंतर ठेवून, आणि जुन्या रेडिओतून काढलेला ५०० पिकोफॅरडचा गँग कंडेन्सर (फिरवून स्टेशन लावायचा). रेडिओला तारेने जोडलेला नाही, नुसता शेजारी ठेवायचा आणि गँग फिरवायचा. गँग बरोबर जागेवर आला की खरखरीतून आवाज एकदम फुगून वर येतो, तो क्षण मला अजूनही प्रत्येक वेळी नवा वाटतो.

तर अडचण अशी, की दिवसा लूपची सपाट बाजू उत्तरेकडे केली की जवळचं स्टेशन खरंच बुडतं. बोटभर इकडेतिकडे केलं तरी परत येतं इतकी ती जागा अरुंद आहे, मीटरवर २० डेसिबलच्या आसपास फरक दिसतो. पण अंधार पडल्यावर त्याच जागेवर, फ्रेमला हातही न लावता, स्टेशन अर्धा मिनिट बुडलेलं राहतं मग हळूहळू वर येतं, मग आवाज चिरका होतो, मग परत खाली. मी नवी जागा शोधते, ती सापडेपर्यंत तीही बिघडते. जमिनीवर खडूने खूण करून ठेवलीय, दिवसा खुणेवर बरोबर, रात्री खुणेचा काही उपयोग नाही.

माझ्या लूपमध्ये काही दोष आहे का? वेढे सैल पडले असतील का? मोठा लूप केला, १ मीटरचा, तर फरक पडेल का? कुणी म्हणतं लूप मागे कलवून बघ, त्याचा खरंच काही उपयोग होतो का? ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी एक विचारतो. लूप फिरवता तेव्हा रेडिओ पण बरोबर फिरतो का तो टेबलावर तसाच राहतो? रेडिओच्या पोटात स्वतःचा फेराइट रॉड (आतला छोटा अँटेना) आहे आणि तोही थेट स्टेशन ऐकतच असतो. लूप बुडवला तरी रॉड ऐकतोय असं झालं तर तुमचा नल (null, स्टेशन बुडतं ती जागा) कधीच खोल जाणार नाही. रॉडला जे टोकाच्या दिशेने येतं ते ऐकू येत नाही, लूपला जे सपाट बाजूने येतं ते. म्हणजे रॉड लूपच्या फ्रेमला काटकोनात पाहिजे, आणि दोन्ही एकाच पाटावर घट्ट बसवून पाट फिरवायचा. आणि रेडिओ सेलवर चालवा, चार्जर भिंतीतून काढूनच ठेवा.

धागाकर्ती

दादा, टेबलावरच राहतो! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सेलवरच चालवते, आणि घरातले एलईडी दिवे रात्री बंद करूनच बसते कारण त्यांचा भुणभुणाट १००० च्या खालचा सगळा बँड खातो. उद्या पाट करते.

धागाकर्ती (दोन दिवसांनी)

केलं. जुन्या फिरत्या स्टुलावर पाट ठोकला आणि त्यावर लूप आणि रेडिओ दोन्ही बांधले. दिवसा कमाल फरक आहे, आता स्टेशन जवळजवळ नाहीसंच होतं, मीटरवर आधीपेक्षा आणखी १० डेसिबल खाली. पण रात्री रडगाणं तेच. बुडतं, वर येतं, बुडतं.

प्रतिसाद २

तुमच्या लूपमध्ये काहीही दोष नाही, वेढे सोडवायला बसू नका. दिवसा इतका खोल नल मिळतोय हाच त्याचा पुरावा.

दिवसा जवळचं स्टेशन तुमच्यापर्यंत एकाच वाटेने येतं, जमिनीला चिकटून. वर गेलेली लहर ६० ते ९० किलोमीटरवरचा डी थर (सूर्यप्रकाशाने विद्युतभारित झालेला हवेचा थर) शोषून टाकतो. ती जमिनीवरची लहर उभ्या ध्रुवणाची (म्हणजे तिचं विद्युत क्षेत्र वर-खाली हलणारं) असते आणि तुमचा उभा लूप अशाच लहरीला सपाट बाजूने बरोबर बुडवतो. सूर्य गेला की डी थर विरतो आणि तेच स्टेशन दुसऱ्या वाटेनेही यायला लागतं, आकाशातून, वरच्या थरांवरून परतून. आता हिशेब बघा. परावर्तन १०० किलोमीटर उंचीवरून धरलं आणि स्टेशन १०० किलोमीटरवर, तर अर्धी वाट आडवी ५० आणि उभी १००, म्हणजे लहर ६० अंशांहून जास्त कोनात, जवळजवळ डोक्यावरून तुमच्या लूपवर पडते. त्याहून वरच्या एफ थरातून आली तर आणखी उभी. आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून जाताना तिचं ध्रुवण फिरतं, कधी उभं कधी आडवं, दर काही सेकंदांनी वेगळं. त्यातला आडवा भाग तुमच्या नलमधून सरळ आत शिरतो. लूप बरोबर उत्तरेला ठेवलाय तरी उपयोग नाही, कारण दिशा चुकलेली नाहीये, लहरच बदललीय. तो चिरका आवाज येतो ना, तो जमिनीवरची आणि आकाशातली लहर एकमेकींना खातात तेव्हाचा.

हे दुखणं जुनं आहे. लूपने दिशा शोधणाऱ्यांना रात्री चुकीच्या दिशा मिळायच्या, त्याला नाइट इफेक्टच म्हणतात. फ्रँक अ‍ॅडकॉकने १९१९ मध्ये पेटंट घेतलेला अँटेना यावरच उपाय होता, लूपऐवजी अंतरावर उभे केलेले खांब, जे आडव्या ध्रुवणाला दाद देत नाहीत. पण मीडियम वेव्हला तो घरी करायचा आकार नाही.

मोठा लूप करू नका. सिग्नल वाढेल पण आकाशातली खरखर पण तेवढीच वाढेल आणि जवळचं स्टेशन पण. नल तसाच.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाशी सहमत. कलवण्याबद्दल, मी कलता येणारा लूप वापरलाय. घरातल्या वायरिंगमुळे वगैरे लहर थोडी वाकडी येते, ती ५-१० अंश कलवून सरळ होते आणि दिवसाचा नल आणखी खोल जातो. रात्री मात्र एका कोनात दहा सेकंद फायदा आणि मग पुन्हा पहिले पाढे. हात दुखतो फक्त.

लांब तार ताणायला जागा असेल तर गोष्ट वेगळी. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली अमेरिकेतून स्कॉटलंडला, आर्ड्रोसनला येऊन समुद्राकाठी तंबूत बसला होता, अमेरिकेतल्या हौशी लोकांची स्टेशनं अटलांटिकपार ऐकू येतात का बघायला. आणि आली, त्यातलं १बीसीजी हे साधारण २३० मीटरवर होतं, म्हणजे १३०० किलोहर्ट्झच्या आसपास, आजच्या मीडियम वेव्हच्या पट्ट्यातच. त्याने लूप नाही, बेव्हरेज अँटेना वापरला होता, जमिनीपासून थोड्या उंचीवर सुमारे ४०० मीटर सरळ तार. ती तार क्षितिजाजवळून येणारं ऐकते आणि डोक्यावरून येणाऱ्याकडे फारसं लक्ष देत नाही, तुम्हाला हवंय ते नेमकं हेच. पण १४०० ला तरंगलांबी २१४ मीटर, निदान तेवढी तरी तार पाहिजे.

धागाकर्ती

इतकी तार ताणायला जागा नाही हो. पण आकाशातून दुसरी वाट ही गोष्ट वाचून डोक्यात लख्ख प्रकाश पडला, इतके दिवस मी लाकडाला दोष देत होते. म्हणजे मग काही करता येणार नाही का? ते स्टेशन मला सोडवत नाहीये.

प्रतिसाद २

सोडू नका. रात्री नाही, संध्याकाळी बसा.

जवळच्या स्टेशनची आकाशातली लहर तुमच्या जवळपासच्या डी थरातून जाते, म्हणजे तुमच्याकडे नीट अंधार पडेपर्यंत ती दाबलेलीच राहते आणि तोपर्यंत तुमचा दिवसाचा नल शाबूत. आता खालचं स्टेशन पूर्वेला आहे असं धरा, १५०० किलोमीटरवर. त्याची लहर मध्यावर, ७५० किलोमीटर पूर्वेला परावर्तित होते आणि तुमच्याकडे ५ ते १५ अंशांनी, अगदी सपाट येते. इतकी सपाट की डी थर ती ३००-४०० किलोमीटर पूर्वेला पार करते, तुमच्या डोक्यावर नाही. आणि तिकडे सूर्य आधी मावळतो. विषुववृत्ताजवळ अंधाराची कड ताशी साधारण १६७० किलोमीटर पश्चिमेला सरकते, म्हणजे ७५० किलोमीटरला जवळपास २७ मिनिटं. तेवढा वेळ लांबचं यायला लागलेलं असतं आणि जवळचं अजून एकाच वाटेने येत असतं. हाच तुमचा वेळ. तुमची फ्रिक्वेन्सी बँडच्या वरच्या टोकाला आहे हेही पथ्यावर पडेल, डी थर खालच्या फ्रिक्वेन्सी जास्त खातो, वरचं टोक संध्याकाळी आधी उघडतं.

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी नल लावून ठेवा आणि मग पाटाला हात लावू नका. रेकॉर्डिंग सुरू करा. आणि दुसरी गोष्ट, संध्याकाळी सूर्यास्ताच्या आधी किंवा लगेच ते ऐकू आलं तर ते पूर्वेला आहे. नाहीच आलं तर पहाटे बसा, सूर्योदयाच्या सुमारास, कारण तेव्हा पश्चिमेला अजून रात्र असते. पूर्व की पश्चिम हा तुमचा प्रश्न लूपने सुटला नाही तरी सूर्य सोडवेल.

धागाकर्ती (पाच दिवसांनी)

आलं!!! लिहिताना हात थरथरतायत.

पहिल्या दोन संध्याकाळी काहीच नाही, नुसती पोकळ खरखर आणि लांबवर विजांचे कडकडाट. तिसऱ्या दिवशी सूर्यास्त ६:३८ ला होता. ६:२६ ला नलच्या तळातून कुजबुज यायला लागली, आधी वाटलं जवळचंच आहे, पण लय वेगळी होती, बाई बोलत होती आणि मागे काही वाजत नव्हतं. ६:४५ पर्यंत शब्द वेगळे ऐकू येतील इतकं वर आलं. मी खुर्चीत नीट बसलेसुद्धा नव्हते, स्टुलाला धक्का लागेल या भीतीने भिंतीला टेकून उभी होते. आणि ६:५९ ला ती धून, पूर्ण ऐकली, पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत! मी जी गुणगुणत होते ती चुकीची होती, मधली एक ओळ मला माहीतच नव्हती. मग पिप्, मग तोच पुरुष. ७:०४ ला जवळचं स्टेशन हलायला लागलं आणि ७:१० ला नेहमीसारखं सगळं वर आलं.

म्हणजे पूर्वेला आहे हे नक्की झालं. काल पण आलं, ६:३१ पासून, जरा क्षीण होतं पण धून मिळाली.

नाव मात्र दोन्ही वेळा पिप्नंतर लगेच येतं आणि नेमकं तिथेच आवाज खाली जातो, पहिलं अक्षर "रा"सारखं वाटतं. भाषा मला येत नाही. दादा, काका, तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. रेकॉर्डिंगचा तो एक मिनिटाचा तुकडा चढवतेय, कुणाला भाषा ओळखता आली तर बघा.

प्रतिसाद १

ऐकतो आज रात्री हेडफोन लावून. एक सुचवतो, रेडिओत सिंक्रोनस डिटेक्टर (कॅरियर खाली गेला तरी त्याची जागा भरून काढणारी सोय) असेल तर फक्त वरची किंवा फक्त खालची साइडबँड (कॅरियरच्या दोन बाजूंना असलेल्या आवाजाच्या पट्ट्यांपैकी एक) घेऊन बघा, जिकडे ९ किलोहर्ट्झ अंतरावरच्या शेजारच्या स्टेशनचा त्रास कमी आहे ती. लहर खाली गेली तरी शब्द तुटत नाहीत. आणि सूर्यास्ताची वेळ रोज थोडी सरकतेय, तासाचा ठोका तुमच्या त्या पट्ट्यात किती दिवस पडणार ते मोजून ठेवा.

धागाकर्ती

मोजलं. सूर्यास्त रोज मिनिटभर पुढे जातोय, त्यामुळे सात वाजता पट्ट्याच्या कडेला होते ते आता मधे येत जाईल आणि अजून तीन आठवडे तरी सापडेल. सिंक्रोनस आहे माझ्या रेडिओत, कधी वापरलाच नव्हता. आज ६:१० पासून बसते.