मदत हवी आहे: हाउसिंग अथॉरिटीच्या बोर्डावर येता का, असं विचारलंय. हो म्हणू का?

नायगावची

नमस्कार मंडळी. अमेरिकेत कोणी सरकारी घरांच्या हाउसिंग अथॉरिटीवर कमिशनर, म्हणजे तिच्या बोर्डाचा सदस्य, म्हणून काम केलं असेल, किंवा ते काम जवळून पाहिलं असेल, तर कृपया लिहा. मला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

आम्ही न्यू जर्सीत २२ वर्षं आहोत. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. इथल्या देवळातून महिन्यातून दोनदा ज्येष्ठांच्या सरकारी इमारतीत जेवणाचे डबे जातात, ते काम माझ्याकडे आहे. शनिवारी त्याच वसाहतीतल्या मुलांचं गणित घेते. त्यावरून कौन्सिलमधल्या एका बाईंनी फोन केला की अथॉरिटीच्या बोर्डावर एक जागा रिकामी होतेय, लोकांत वावरणारं कोणीतरी हवंय, तुम्ही या. बोर्ड सात जणांचं. आमच्याकडे पाच जण कौन्सिल नेमते, एक महापौर आणि एक राज्याच्या कम्युनिटी अफेअर्स खात्याचे प्रमुख. मुदत पाच वर्षं, मानधन काही नाही.

मला हे काम मनापासून करायचंय, आणि का ते सांगते. मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढले. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर वीस बिऱ्हाडं, संडास सामाईक. बाबा चाळ कमिटीचे सेक्रेटरी होते. पावसाळ्यात भिंतींना ओल आली की रात्री जेवणं झाल्यावर बाबा अर्ज लिहायला बसायचे. खाली दोन कार्बन लावायचे आणि मी कागद सरकू नये म्हणून कोपरे धरून बसायचे. सकाळी शाळेत बोटं निळीच असायची. अर्ज पोचल्याचा शिक्का प्रत्येक वेळी मिळायचा. ज्यांच्या सहीनं काम व्हायचं त्यांच्यातला एकही माणूस आमचा जिना चढून आल्याचं मला आठवत नाही.

गेल्या महिन्यात मी बोर्डाच्या सभेला नुसती ऐकायला गेले. लोकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं होती. सहाव्या मजल्यावरच्या एक आजी वॉकर घेऊन माइकपाशी आल्या. लिफ्ट आठवड्यातून दोनदा तरी बंद पडते, धुण्याचं यंत्र तळमजल्यावर, म्हणून ओले कपडे खुर्चीच्या पाठीवर वाळत घालते, असं त्या सांगत होत्या. घड्याळ वाजलं. अध्यक्षांनी आभार मानले आणि पुढचा ठराव वाचायला घेतला. सहा जण टेबलाशी होते, कोणी एक प्रश्नही विचारला नाही. आजींना परत जागेवर जाऊन बसायला त्या तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला. ते डोळ्यांसमोरून जात नाही.

आता अडचण. आमचं घर दोन बिऱ्हाडांचं आहे. खाली आम्ही राहतो आणि वर नऊ वर्षं एक बाई मुलीसह भाड्यानं राहतात. त्यांच्याकडे सेक्शन एटचं व्हाउचर आहे, म्हणजे भाड्याचा मोठा भाग हीच अथॉरिटी आमच्या खात्यात भरते. मग मला बोर्डावर बसता येईल का? नवरा म्हणतो, घर माझ्या एकट्याच्या नावावर करू, प्रश्न मिटला. मला ते पटत नाहीये.

दुसरं, मी त्या वसाहतीत राहत नाही. राहणाऱ्यांपैकी कोणाची जागा मी अडवतेय का? आणि सातांतली एक मी, लिफ्टचं खरंच काही करू शकेन का, की नुसती शोभेला बसवतील?

ताळेबंद

ताई, मी बरीच वर्षं हाउसिंग अथॉरिट्यांचे हिशोब तपासलेत. आधी व्हाउचरचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर अडलंय.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या हड, म्हणजे गृहनिर्माण खात्याचा व्हाउचर योजनेसाठी स्पष्ट नियम आहे. अथॉरिटीच्या बोर्डाचा सदस्य, आजचा किंवा माजी, याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला भाडेकरार अथॉरिटीला करता येत नाही, आणि हे बंधन पद सोडल्यावरही एक वर्ष राहतं. अपवाद फक्त जो सदस्य स्वतःच व्हाउचरवर राहतो त्याचा. घरमालक सदस्याला हा अपवाद लागू नाही. घर यजमानांच्या नावावर केलंत तरी तुम्ही त्याच घरात राहता, भाडं त्याच संसारात येतं. ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द नियमात नेमका अशाच सोयींसाठी घातलेला आहे, तेव्हा ती वाट अजिबात धरू नका.

रस्ता आहे, पण तो सरळ रस्ता आहे. सबळ कारण असेल तर हडचं क्षेत्रीय कार्यालय सूट देऊ शकतं. त्यासाठी आधी लेखी कळवा: घर कुठलं, करार कधीपासूनचा, तुमचं भाडं कसं ठरलं. सूट हातात पडल्याशिवाय शपथ घेऊ नका. कौन्सिलच्या बाई म्हणतील ‘नंतर बघू’. नंतर बघितलेली प्रकरणं मी तपासणीत पाहिली आहेत. पैसे परत भरायची वेळ येतेच, आणि माणसाचं नाव खराब होतं ते वेगळं.

आणखी एक. न्यू जर्सीत स्थानिक संस्थांच्या नीतिनियमांचा कायदा १९९१ चा आहे. त्याखाली नेमणूक झाल्यापासून ३० दिवसांत आणि पुढे दरवर्षी ३० एप्रिलपर्यंत उत्पन्नाच्या स्रोतांचं विवरणपत्र भरावं लागतं. ते कोणालाही बघता येतं. घरात तेही बोलून ठेवा.

शिवडीचा राजू

माझा भाबडा प्रश्न. ही अथॉरिटी म्हणजे आपल्या म्हाडासारखीच ना? मग बोर्डावर गेल्यावर गरजू मराठी कुटुंबांना घर मिळवून देता येईल का? माझ्या मावसभावाचं नाव तिथल्या एका यादीत चार वर्षं आहे.

गोदाकाठ

राजूदादा, नाही, आणि हे आधीच सांगितलेलं बरं. म्हाडाच्या सोडतीत घर लागलं की पैसे भरून ते आपलं होतं. इथं घर अथॉरिटीचंच राहतं आणि भाड्यानं दिलं जातं. भाडं साधारणपणे वजावटी धरून उरलेल्या मासिक उत्पन्नाच्या ३० टक्के. म्हणजे आजींचं असं उत्पन्न १,००० डॉलर असेल तर भाडं ३००. घर कोणाला द्यायचं ते प्रतीक्षायादी आणि ठरलेल्या प्राधान्यक्रमावर. कमिशनरनं एका नावासाठी शब्द टाकला तर तो यादीतल्या बाकी सगळ्यांवर अन्याय आहे. नायगावची ताई, हा फोन तुम्हाला पहिल्याच आठवड्यात येईल, आणि आपल्याच माणसांकडून येईल. उत्तर आत्ताच ठरवून ठेवा.

मी दुसऱ्या राज्यात चार वर्षं कमिशनर आहे, म्हणून तुमच्या लिफ्टबद्दल अनुभवाचं लिहिते.

बोर्डाच्या हातात तीन मोठ्या गोष्टी असतात: एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर नेमणं आणि त्यांच्या कामाचा आढावा घेणं, बजेट मंजूर करणं, आणि धोरण ठरवणं. रोजचा कारभार डायरेक्टरांचा. मी पहिल्या महिन्यात एका रहिवाशाचा नळ गळतो म्हणून थेट दुरुस्तीवाल्या पोराला फोन केला. त्यानं बिचाऱ्यानं हातातलं काम टाकून तो नळ केला. हातातलं काम होतं दुसऱ्या इमारतीतल्या एका घराचं हीटिंग, जानेवारीत. ते कळल्यावर मी पुन्हा कधी तसा फोन केला नाही.

लिफ्ट मात्र नळासारखी नाही. ती बदलायचे पैसे केंद्राच्या कॅपिटल फंडातून, म्हणजे इमारतींच्या मोठ्या कामांसाठीच्या निधीतून येतात, आणि तो कुठं खर्च करायचा याचा पाच वर्षांचा आराखडा बोर्ड मंजूर करतं. तुमचा पहिला प्रश्न हाच असू दे: सहा मजली इमारतीची लिफ्ट आराखड्यात कितव्या वर्षात आहे? नसेल तर का नाही, आणि तिच्या आधी काय आहे? शांतपणे विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवायला सांगा. पुढच्या सभेत परत विचारा. हा निधी साधारण दोन वर्षांत कंत्राटात बांधावा लागतो आणि चार वर्षांत खर्चावा लागतो, तेव्हा ‘बघू’ या उत्तराला तारीख मागायचा तुम्हाला अधिकार आहे.

शोभेला बसवतील का? सभेची कागदपत्रं न वाचता गेलात तर नक्कीच. आमचं पाकीट दीडशे पानांचं येतं. मी रविवारी सकाळी चहा घेऊन बसते आणि पेन्सिलीनं खुणा करते. आधी रिकाम्या घरांचा तक्ता बघा. बाहेर यादीत माणसं ताटकळत असताना एखादं घर साफसफाई आणि रंगाविना पाच महिने पडून का आहे, हे विचारायला कायद्याची पदवी लागत नाही.

ताळेबंद

गोदाकाठ यांना दुजोरा. शिवाय हड अथॉरिटीला शंभरापैकी गुण देतं: इमारतींच्या अवस्थेला ४०, पैशाला २५, व्यवस्थापनाला २५, कॅपिटल फंडाला १०. शेवटच्या काही वर्षांचे गुणपत्रक मागून घ्या. ४० पैकी किती पडलेत ते पाहिलं की आजींचं म्हणणं कागदावर सापडेल.

न्यू जर्सीत नव्या कमिशनरांना ठरावीक अभ्यासक्रम दीड वर्षात पूर्ण करावे लागतात. ते रटगर्स विद्यापीठातर्फे होतात. हिशोबाचा वर्ग सगळ्यात आधी घ्या.

मिडवेस्टकर

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

राहणाऱ्यांची जागा तुम्ही अडवताय का? १९९८ च्या केंद्रीय कायद्यानं बहुतेक अथॉरिट्यांच्या बोर्डावर किमान एक सदस्य त्यांच्याकडूनच थेट मदत घेणारा, म्हणजे त्यांच्या घरात किंवा व्हाउचरवर राहणारा, असावाच लागतो. ३०० पेक्षा कमी सार्वजनिक घरं असतील आणि विचारूनही कोणी पुढं आलं नसेल तर सूट आहे. तुम्ही लिहिलंय की टेबलाशी सहा जण होते. सातवी खुर्ची कोणाची? ती रहिवाशाची असेल आणि तीच रिकामी असेल, तर तुम्ही ‘हो’ म्हणण्याआधी हे कौन्सिलच्या बाईंना विचारलंच पाहिजे.

ही खुर्ची सहज मिळालेली नाही. १९६९ मध्ये सेंट लुईसच्या सरकारी वसाहतींतल्या भाडेकरूंनी महिनोन्‌महिने भाडं भरायचं थांबवलं. काहींचं तर निम्म्याहून जास्त उत्पन्न भाड्यात जात होतं. त्यात पुढं होत्या त्या वसाहतींतल्या बायका. शेवटी तडजोड झाली आणि भाडेकरूंना बोर्डावर जागा मिळाली. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर एडवर्ड ब्रूक यांच्या दुरुस्तीनं भाड्यावर उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा आली. पुढं १९८१ मध्ये ती ३० झाली, गोदाकाठ यांनी सांगितली तीच. तुमच्या राज्यातही नेवार्कच्या स्टेला राइट होम्समध्ये १९७० पासून चार वर्षं भाडेबंदी चालली होती.

नायगावची

सगळ्यांचे अगदी मनापासून आभार. मिडवेस्टकर, तुमचा ‘सातवी खुर्ची कोणाची’ हा प्रश्न वाचून मी हातातलं काम टाकलं आणि फोन केला. सातवी खुर्ची रहिवाशाचीच आहे, आणि ती सात महिने रिकामी आहे. मला विचारलेली जागा वेगळी, मुदत संपत आलेल्या एका सदस्याची. रहिवाशाच्या जागेसाठी ‘कोणी पुढं येत नाही’ असं उत्तर मिळालं. कोणाकोणाला विचारलं, असं मी विचारलं. लॉबीत नोटीस लावली होती म्हणे. लॉबीतली नोटीस मी काल जाऊन पाहिली. पत्रपेट्यांच्या वर, इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि वॉकर घेतलेल्या माणसाच्या नजरेच्या बरीच वर.

गोदाकाठ

ताई, त्या आजींना विचारलंत का?

नायगावची

विचारलं. आज डबे द्यायला गेले तेव्हा त्यांच्याकडेच शेवटी गेले आणि बसले. त्या आधी ‘माझं काय शिक्षण’ म्हणाल्या. मग स्वयंपाकघरातल्या खणातून एक वही काढली. लिफ्ट बंद पडली की तारीख, वेळ आणि पुन्हा चालू कधी झाली ते त्या लिहून ठेवतात. पहिली नोंद दीड वर्षापूर्वीची आहे. मी बाबांच्या कार्बनच्या प्रतींबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, अर्जात काय लिहायचं ते तू सांग, अक्षर माझंच असू दे.

त्यांचा अर्ज उद्या जातोय. माझ्याकडून शुक्रवारी कौन्सिलला लेखी उत्तर जाईल की काम करायची इच्छा आहे, पण घरात व्हाउचरचा भाडेकरार आहे आणि हडची सूट मिळेपर्यंत नेमणूक करू नये. घर नवऱ्याच्या नावावर करायचा विषय बंद केलाय, आणि त्यालाही ते पटलंय. वरच्या बाईंना मी आधीच जाऊन सांगितलं की सूट नाही मिळाली तर मी बोर्डावर जाणार नाही, तुमचं घर कुठंही जात नाही. त्यांचा चेहरा पाहून वाटलं, हे पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं.

ताळेबंद, एकच विनंती. सूट मागण्याच्या पत्राचा मसुदा उद्या संध्याकाळपर्यंत लिहून होईल. तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केला तर एकदा नजर टाकाल का?

ताळेबंद

जरूर पाठवा. भाडेकराराची पहिली प्रत आणि गेल्या दोन वर्षांत भाडं वाढवलं असेल तर त्याची पत्रंही सोबत ठेवा.