पाळीचा त्रास वाढत चालला आहे. डॉक्टरांना दाखवावे की वयाचा परिणाम समजून थांबावे?

प्रश्न (शिक्षिका, वय ४३, खानापूर तालुका, जि. बेळगाव)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत शिकवते. गेल्या वर्षभरात माझ्या पाळीचे स्वरूप पार बदलले आहे. पूर्वी तीन-चार दिवसांत आटोपणारी पाळी आता आठवडा उलटला तरी थांबत नाही. सुरुवातीच्या दिवसांत एकावर एक दोन पॅड घेऊनही मधल्या सुट्टीपर्यंत निभाव लागत नाही, रक्ताच्या मोठ्या गाठी पडतात आणि ओटीपोटातील कळ थेट मांड्यांपर्यंत उतरते. फळ्यावर लिहायचे म्हणजे मुलांकडे पाठ करावी लागते, म्हणून त्या दिवसांत मी गडद रंगाची साडी नेसते आणि होईल तेवढे खुर्चीत बसूनच शिकवते. अलीकडे शाळेचा जिना चढतानाही धाप लागते.

सासूबाई आणि जाऊबाई दोघींचे म्हणणे असे की, पाळी जाण्याआधी असे अंगावरून जातेच, थोडे सोसले की आपोआप सुटका होईल. त्यातच आमच्या गल्लीतील एक वहिनी अशीच तक्रार घेऊन दवाखान्यात गेल्या आणि काही दिवसांतच त्यांची गर्भपिशवी काढली गेली, त्यामुळे माझे पाऊल पुढे पडत नाही. आणखी एक सांगते, याचा त्याच्याशी संबंध आहे की नाही कोण जाणे. तांदूळ निवडताना मूठभर कच्चे तांदूळ खाल्ल्याशिवाय मला आता राहवत नाही. पूर्वी अशी सवय नव्हती. डॉक्टरांकडे जाण्याइतके हे गंभीर आहे का?

उत्तर (निवृत्त परिचारिका, बेळगाव)

ताई, तुम्ही शेवटी संकोचाने लिहिलेली तांदळाची गोष्टच मला सर्वांत महत्त्वाची वाटली. कच्चे तांदूळ, माती, खडू किंवा बर्फ खाण्याची अनावर ओढ लागणे हे शरीरातील लोह घटल्याचे आम्हा परिचारिकांच्या चांगल्या ओळखीचे लक्षण आहे. त्याला जिन्यावरची धाप आणि इतका रक्तस्राव जोडून पाहिला, तर तुम्ही डॉक्टरांकडे जायलाच हवे, आणि पुढच्या पाळीची वाट न पाहता जायला हवे. हिमोग्लोबिनची तपासणी साधी असते. गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये ते १२ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय म्हणतात आणि ८ च्या खाली गेले तर तो तीव्र समजला जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. घरोघरी हेच असल्यामुळे बाईने दमलेले असणे आपल्याकडे कोणाला खटकतच नाही, आणि माझ्या मते खरे नुकसान तिथेच होते.

सासूबाईंचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. पाळी जाण्याच्या सुमारास तारखा मागेपुढे होतात, एखादी पाळी चुकते, एखादी जास्तही जाते. परंतु सात दिवसांहून अधिक चालणारा, मोठ्या गाठी पाडणारा आणि रोजच्या कामात अडथळा आणणारा रक्तस्राव केवळ वयाच्या खाती टाकता येत नाही. गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी, अस्तरातील मोड, अस्तराच्या पेशी स्नायूंत शिरल्याने सुजलेले गर्भाशय, थायरॉइडचा बिघाड, रक्त गोठण्यातील दोष, पूर्वी बसवलेली तांबी अशी अनेक कारणे यामागे असू शकतात. क्वचित अस्तराचा कर्करोगही असतो. चाळिशीनंतर तो शोधून बाजूला काढावा लागतो, म्हणून अस्तर जाड दिसल्यास डॉक्टर त्याचा लहानसा तुकडा तपासणीला पाठवतात. यातली बहुतेक कारणे बरी होणारी किंवा आटोक्यात राहणारी आहेत, मात्र ती बाहेरून ओळखू येत नाहीत.

सलग दोन-तीन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, उभे राहताच चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल किंवा गरोदरपणाची शक्यता असताना रक्त जात असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसले तरी ते तपासावे लागते, हे सासूबाईंनाही जरूर सांगा.

उत्तर (गृहिणी, निपाणी)

तुमच्या मनातील पिशवीची भीती मी अनुभवलेली आहे, म्हणून तेवढ्याच मुद्द्यावर लिहिते. माझ्या गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी निघाल्या, तेव्हा पहिल्याच भेटीत एका खासगी दवाखान्यात मला सांगण्यात आले की, मुले झाली आहेत, आता पिशवीचा उपयोग काय, पुढच्या आठवड्यात काढून टाकू. आम्ही सोनोग्राफीचे कागद घेतले आणि निपाणीकडचे बरेच लोक जातात तसे कोल्हापूरला दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले. त्यांनी गाठींचा आकार आणि जागा कागदावर चित्र काढून समजावली, आधी रक्तस्राव कमी करणाऱ्या आणि लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि नंतर तांबीसारखेच दिसणारे पण आतल्या आत संप्रेरक सोडणारे साधन बसवले. काही महिन्यांत माझी पाळी अगदी थोडी येऊ लागली. प्रत्येकीला हाच उपाय लागू पडेल असे नाही, गाठ फार मोठी असेल तर शस्त्रक्रियाच करावी लागते. पण गोळ्यांपासून शस्त्रक्रियेपर्यंत मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत, हे मला त्या पहिल्या दवाखान्यात कोणी सांगितले नाही.

ऊसतोड करणाऱ्या बीडच्या बायकांची गर्भाशये मोठ्या प्रमाणात काढली गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, तेव्हा आमच्या ऊस-तंबाखूच्या पट्ट्यातही त्याची चर्चा झाली होती. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्या सर्व राज्यांनी लागू कराव्यात असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितले. तेव्हा गाठ कोणत्या प्रकारची आहे, औषधाने भागेल का, बीजकोश ठेवणार की काढणार, हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. आपत्कालीन स्थिती नसेल, तर घरी विचार करून सांगते असे म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

उत्तर (महाविद्यालयीन प्राध्यापिका, बेळगाव)

ताई, जाण्यापूर्वी शेवटच्या काही पाळ्यांच्या तारखा, किती पॅड लागले आणि रक्ताच्या गाठी केवढ्या होत्या, हे एका कागदावर लिहून न्या. दहा रुपयांच्या नाण्याएवढी गाठ म्हटले की डॉक्टरांना लगेच अंदाज येतो, ‘खूप जाते’ एवढ्याने येत नाही. सणासाठी किंवा सौंदत्तीच्या यल्लम्मा यात्रेसाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या असतील, तर त्याही सांगा. आपल्याकडे कितीतरी बायका त्या मेडिकलमधून परस्पर आणतात, आणि गोळ्या बंद केल्यावर येणारी पाळी जास्त गेली की घाबरतात. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, तर तेही आधीच सांगावे, कारण रक्तस्राव थांबवण्याच्या काही गोळ्या अशा रुग्णांना चालत नाहीत.

खानापूरच्या तालुका रुग्णालयात सुरुवात करता येईल. पुढच्या तपासण्यांसाठी बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे जिल्हा रुग्णालय आहे. जून २०२३ पासून राज्यांतर्गत साध्या सरकारी बसमध्ये कर्नाटकातील महिलांना तिकीट पडत नाही, त्यामुळे प्रवासखर्चाची अडचण नाही. रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर ठेवा, कारण आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेसाठी ती लागतात. रुग्णालयातील कागद बहुधा कन्नडमध्ये असतात. कशावर सही करत आहोत ते मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका, आणि कन्नड वाचणारे कोणी घरात नसेल तर गावातील आशाताईंना सोबत घ्या.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. जाऊबाईंना हे सर्व वाचून दाखवले, त्या सोबत यायला तयार झाल्या आहेत. एकच शंका आहे. पाळी चालू असतानाच जावे की थांबल्यावर? त्या दिवसांत तपासून घ्यायचे म्हणजे फार अवघड वाटते.

उत्तर (निवृत्त परिचारिका, बेळगाव)

रक्तस्राव जास्त असेल तर चालू असतानाच जा. रक्ताची तपासणी आणि पोटावरून होणारी सोनोग्राफी दोन्ही पाळीत करता येतात आणि स्त्रीरोग विभागात याचे कोणालाही नवल वाटत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पॅप तपासणी मात्र पाळी थांबल्यावर करतात, त्यासाठी पुन्हा बोलावले तर टाळू नका. आतून तपासणीला मन तयार नसेल तर महिला डॉक्टर हव्यात असे केसपेपर काढतानाच सांगा. पोटावरच्या सोनोग्राफीसाठी मूत्राशय भरलेले लागते, तेव्हा नंबर येण्याच्या तासभर आधी पाणी पिऊन ठेवा. आणि लोहाच्या गोळ्या मिळाल्या तर चहाबरोबर घेऊ नका, लिंबाच्या सरबताबरोबर घ्या.