घरात काय घालता? रोजच्या कपड्यांचे अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात लेकीने घरातल्या सगळ्यांचं चित्र काढलं. बाबाला शर्ट, शर्टाला खिसा, खिशात पेन. धाकट्याला टोपी. आणि मला एक करडा त्रिकोण, त्याच्या पोटावर गुलाबी गोल. म्हटलं हे काय गं, बटण का? तर म्हणे, "तो तुझा डाग नाही का आई." म्हणजे बाथरूम धुताना ब्लीच उडालं होतं तो टीशर्ट. दीड वर्ष मी तो एक दिवसाआड घालतेय, आणि त्या डागावर आता लोक मला ओळखतात.

मग कपाट उघडून बसले तेव्हा कळलं की माझ्याकडे घरचे कपडे असा प्रकारच नाहीये. बाहेरून बाद झालेले कपडे आहेत. रंग विटला, गळा सैल पडला की घरात, घरातून उतरला की पोतेरं. दिवसाचे चौदा-पंधरा तास जे अंगावर असतं ते मी कधी निवडलेलंच नाही, उरलंय म्हणून घालतेय. आणि बाहेर घालायचे चांगले कपडे कपाटात घडी मोडायची वाट बघत बसलेत.

तर पूर्णवेळ घरी असलेल्या, मुलं सांभाळणाऱ्या आयांनो, तुम्ही नक्की काय घालता ते लिहा. काय जमलं, काय फसलं, कापड, शिवण, डाग, सगळं चालेल. फक्त "स्वतःवर प्रेम करा" छाप काही नको प्लीज, मला खरंच कपडे हवेत.

*

माझं बाळ पाच महिन्यांचं आहे त्यामुळे माझं कपड्यांचं गणित एकच, एका हाताने उघडता आलं पाहिजे. आधी पुढे मधोमध चेनवाले टॉप घेतले, ती धातूची चेन पिताना बाळाच्या गालाला लागायची आणि गालावर रेषा उमटायची. आता शिवणीतल्या दोन उभ्या चेनवाले घेते, वरून झडप असते, बाहेरून बघणाऱ्याला काही कळतही नाही. किंवा मग सरळ आत ताणला जाणारा बनियन आणि वर सैल शर्ट, वरचा वर करायचा, आतला खाली ओढायचा, पोट उघडं पडत नाही.

रंगाचं सांगते. काळा सगळं लपवतो हे साफ खोटं आहे, बाळाने काढलेलं दूध वाळलं की काळ्या खांद्यावर खडूने रेघ ओढल्यासारखं दिसतं. बारीक छापाचे, दोन-तीन रंग मिसळलेले कपडे सगळ्यात उत्तम. आणि दुधाचा डाग आधी गार पाण्यात, गरम पाण्यात घातलात तर तो बसलाच म्हणून समजा. तेलकट डागाला धुण्याआधी भांडी घासायचं लिक्विड थोडं चोळून ठेवा.

अजून एक, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. ब्रा परत मापून घ्या. बाळंतपणानंतर माप बदलतं आणि दूध बंद झाल्यावर परत बदलतं. आधार खांद्याच्या पट्ट्या देत नाहीत, खालचा पट्टा देतो, म्हणून नवीन घेताना सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसेल अशीच घ्यायची, इलॅस्टिक सैल पडेल तसं आतल्या हुकावर जायचं. मी कितीतरी दिवस जुनीच घालून खांदे दुखतात म्हणून मालिश करून घेत होते.

*

मी गाऊनवाली. धागा बघून वाटलं आता सगळ्या मिळून गाऊनला नावं ठेवणार, म्हणून आधीच सांगते, मी सोडणार नाही. सुती गाऊनइतकं मोकळं दुसरं काही नाही.

फक्त दोन बदल केलेत. उंची घोट्याच्या चांगली वर घेतली, कारण बाळाला कडेवर घेऊन जिना चढताना पुढची कड पायाखाली आली होती, भिंतीला टेकले म्हणून वाचलो दोघं. आणि गळ्याची झालर काढून साधी कॉलर लावून घेतली. कॉलर लागल्यापासून दार वाजलं की ओढणी शोधत पळत नाही. त्याच गाऊनला लोक आता ड्रेस म्हणतात.

*

कॉलरला +१. मी कपडे डिझाइन शिकलेय (आता पाच वर्षं घरी) त्यामुळे थोडं जास्त बोलेन, सहन करा.

घरकामासाठी मुद्दाम विचार करून शिवलेला कपडा ही काही नवी गोष्ट नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत हूव्हर एप्रन नावाचा एकावर एक गुंडाळायचा झगा निघाला होता, त्याचे पुढचे दोन्ही पदर पूर्ण रुंदीचे. वरचा मळला की तो आत घालायचा आणि आतला स्वच्छ वर आणायचा, झालात तयार. आणि १९४२ मध्ये क्लेअर मॅकार्डेल या डिझायनरने पॉपओव्हर ड्रेस केला, तोही गुंडाळायचाच, भलामोठा खिसा, आणि गरम भांडं धरायचा जाड हातमोजा ड्रेसलाच जोडलेला! कॉलेजात हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. बाळ झाल्यावर एकदा एका हातात मूल, दुसऱ्या हाताने फडकं शोधतेय अशी उभी होते तेव्हा तो हातमोजा आठवला. ती बाई नेमका कशाचा विचार करत होती ते मला तेव्हा कळलं.

मी तसा गुंडाळायचा ड्रेस शिवून बघितला. खरं सांगते, वाकलं की पुढून उघडतो. आतून एक टिचबटण लावावंच लागतं. नाडीच्या गाठीला मूल लटकतं ते वेगळंच.

म्हणून माझी एक परीक्षा आहे. ट्रायल रूममध्ये आरशासमोर उभं राहून काही कळत नाही, आपण घरी कुठे उभ्या असतो? उकिडवं बसा. दोन्ही हात वर करा. कमरेतून वाकून जमिनीवरचं काहीतरी उचला. पाठ उघडी पडते का, गळ्यातून आतलं दिसतं का, मांडीला शिवण ओढते का, एवढं बघायचं. मी हे सगळं करते तेव्हा बाहेर नवरा लाजून दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहतो.

*

माझा अनुभव फसल्याचा. त्या एकसारख्या सेटची (वर शर्ट, खाली तसलीच पँट) फार हौस होती, घरातही किती टापटीप दिसतं ना, म्हणून एकदम तीन मागवले. कापड रेयॉन. अंगाला मऊ, पडतं पण छान. पहिल्या धुण्यात पँट घोट्याच्या चार बोटं वर गेली. दुसरा सेट पिळून झटकला तर बगलेची शिवण उसवली. नंतर टेलरकाका म्हणाले, रेयॉन ओलं असताना कमजोर असतं, त्याला पिळायचं नाही. माझ्या घरात न पिळता काय सुकणार हो! आणि चुरगळतं इतकं की ते इस्त्री करून घालण्यापेक्षा ऑफिसला जाणं सोपं पडलं असतं.

आता कपडा शिवायला किंवा अल्टरला द्यायच्या आधी एकदा धुते. आणि टीशर्ट घेताना जीएसएम बघते, म्हणजे कापडाच्या एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. १४० च्या आसपासचे फिके रंग बहुतेक आरपार दिसतात, १८० ते २०० वाला नीट पडतो, पोटावर चिकटत नाही. उकाड्यात थोडा जड वाटतो हे मान्य.

*

लेगिंगबद्दल कोणीच बोललं नाही अजून. त्यातलं लायक्रा उष्णतेने मरतं, कडक इस्त्री आणि ड्रायर दोन्ही बंद करा. गुडघ्याला फुगा आला की ती लेगिंग गेली.

*

घरात राहून "छान तयार व्हा, मूड सुधारतो" हे मला सतत सांगितलं जायचं. नोकरी सोडल्यावर तर फारच. २०१२ चा तो पांढऱ्या कोटाचा प्रयोग मैत्रिणीने पाठवला होता, डॉक्टरचा म्हणून कोट घातला की माणसं जास्त लक्ष देऊन काम करतात असा. मी पण खवट आहे, शोधून काढलं, २०१९ मध्ये दुसऱ्यांनी तोच प्रयोग परत करून बघितला तर तसा काही परिणाम दिसला नाही. तिला लिंक पाठवली, तिने अंगठा पाठवला.

पण (आता हे कबूल करायला लागतंय) कपाटात माझे ऑफिसचे अकरा शर्ट लटकत होते. कपाट उघडलं की नजर चुकवून टीशर्ट काढायचे. एक दिवस मुलाने त्यातल्या एकाला शाई लावली, मी चिडले, आणि मग लक्षात आलं की ज्याला वर्षभर हातसुद्धा लावला नाही त्याच्यासाठी मी चिडतेय. त्याच दुपारी चार शर्टांच्या बाह्या कोपरापर्यंत कापून आणल्या. आता टीशर्टवर बटणं न लावता घालते, खाली साधी कॉटनची पँट. मूड सुधारला का? माहीत नाही. पण बाह्या सारख्या वर सरकवायला लागत नाहीत.

शाई गेलीच नाही. तो शर्ट आता त्याचा चित्रं काढतानाचा झगा आहे.

*

कोपरापर्यंत बाह्यांचं वाचून लिहायला आले. माझी घंटेच्या आकाराची घेरदार बाही गॅसवर मागच्या शेगडीचं काही घेताना पुढच्या ज्योतीला लागली. कापड सिंथेटिक. सुतीसुद्धा पेटतंच, पण सिंथेटिक वितळतं आणि कातडीला चिकटतं. मनगटावर अजून व्रण आहे. त्या दिवसापासून स्वयंपाकघरात लोंबणारं काही नाही, ओढणी नाही, झालर नाही, घेरदार बाही नाही. फॅशन गेली खड्ड्यात.

*

घरात मोठी माणसं आहेत, त्यामुळे शॉर्ट्स वगैरे माझ्याकडे नाही चालत, वाद घालून झालेत. मी मधला मार्ग काढला, मांडीपर्यंत येणारा सैल कुर्ता आणि सरळ पँट, कमरेला रुंद इलॅस्टिक आणि शिवाय नाडी. सगळ्या पँट गडद, तीनच, आणि कुर्ते पाच, कुठलाही कुठल्याही पँटवर जातो. पहाटे अंधारात हाताला येईल ते घातलं तरी जमतं. माझं वजन जास्त आहे, मांड्या घासतात, म्हणून आतून गुडघ्याच्या वरपर्यंतची सुती चड्डी घालते, हे कोणी उघड सांगत नाही म्हणून सांगते.

कुर्त्याला दोन्ही बाजूंना खिसे. सासूबाई पहिले आठ दिवस म्हणाल्या, "काय ते पुरुषांसारखे खिसे." नवव्या दिवशी स्वतःचे दोन गाऊन आणून दिले, "त्या तुझ्या टेलरकडे टाक, चष्मा कुठे ठेवते तेच सापडत नाही."

*

मी आई नाही, मुलगी आहे, चालेल का? माझी आई आयुष्यभर घरी होती आणि तिच्या प्रत्येक घरच्या कपड्याला तिने हाताने शिवलेला एक खिसा असायचा, उरलेल्या कापडाचा, त्यामुळे कधीच मॅचिंग नाही. खिशात सेफ्टी पिन, रबरबँड, माझं तुटलेलं काहीतरी. ती गेल्यावर कपडे देऊन टाकायला काढले तेव्हा प्रत्येक खिसा तपासावा लागला. एक निळा ठेवून घेतलाय. त्यात माझ्या शाळेच्या बुटाची लेस होती.

*

धागा मीच काढलाय तर माझं पुढचं सांगते. वरचं सगळं वाचून तीन सुती कुर्ते घेतले, आधी धुतले, उकिडवं बसून पाहिलं, मग टेलरकडे खिशांसाठी दिले. टेलर म्हणाला, "ताई, घरातच घालणार ना, मग खिसे कशाला?" म्हटलं घरातच तर घालणार, म्हणूनच. एक वीत खोल, म्हणजे खाली बसलं तरी फोन पडायला नको.

दोन बरोबर शिवलेत. तिसऱ्याला त्याने एकच खिसा लावलाय आणि तोही डावीकडे, आणि मी धाकट्याला नेमकी डाव्या कडेवर घेते. कालपासून त्याच्या टाचेने सासूबाईंना दोनदा फोन लागलाय, दुसऱ्यांदा त्या वीस मिनिटं बोलल्या त्याच्याशी. डागाचा टीशर्ट अजून टाकला नाहीये, बाथरूम धुवायला ठेवलाय.